सव्वा तासावरचं भोपाळ

सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवणारे मोरेश्वर मास्तर जन्मात कधी विमानात बसले नव्हते. पण विमानाचा वेग विचारा, झोपेतूनही सांगतील. पोरांकडून जगभरच्या राजधान्या पाठ करून घेणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या राज्याची राजधानी मात्र छप्पन साली नागपूरहून उठली आणि भोपाळला जाऊन बसली. तिच्यामागे फायलींचे गठ्ठे गेले, आणि गठ्ठ्यांमागे सचिवालयातला कारकून रवींद्र. म्हणजे मास्तरांचा ठरलेला जावई.

झालं! मास्तरांच्या पत्नी अंबाबाई सोयरीक मोडायला निघाल्या.

"सुपारी फोडली तवा पोरगी नागपूरले द्याची ठरली होती. भोपाळचं नाव कोणं काढलं होतं?"

मास्तरांना मुलगा पसंत होता. विजयाला, म्हणजे ज्या मुलीचं लग्न तिला, कोणी विचारलं नव्हतं. ती कोपऱ्यात तांदूळ निवडत होती.

रविवारी सकाळी मास्तरांनी शाळेतला नकाशा आणून ओसरीवर पसरला, नागपूरच्या विमानतळापासून भोपाळच्या विमानतळापर्यंत दोरा ताणला आणि आवाज चढवला, "एकशे सत्त्याऐंशी मैल! डाकोटा विमान तासाला दीडशे मैल जातं. सव्वा तास, विजयाची आई! आपल्याला मोटरीनं नागपूर गाठायला तीन तास लागतात. म्हणजे भोपाळ जवळ की नागपूर?"

टाळ्या पडाव्यात इतका वेळ ते थांबले.

अंबाबाई वाकून पाहू लागल्या. "हा दोरा आपल्या गावावरून काहून गेला?"

"गावावरून नाही, सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधून. सरळ रेषा आहे ती."

"म्हंजे हाडं खिळखिळी करत नागपूरले जायचं, अन् तिथून उडून पुन्हा आपल्याच डोक्यावरून परत याचं?"

"शास्त्रीयदृष्ट्या... हो."

"अन् हे इमान रोज जाते का?"

त्या वाटेनं विमान जातं की नाही, हे मास्तरांनी पाहिलंच नव्हतं. "चौकशी करावी लागेल," ते म्हणाले.

"करा चौकशी! पोरगी बाळंतपणाले अडली त मी काय दोरा धरून जाऊ?"

मास्तर दोरा गुंडाळू लागले. सोयरीक मोडल्यातच जमा होती.

"पांढुर्ण्याहून रेल्वे जाते, आई," सुपातली नजर न काढता विजया म्हणाली. "सकाळी बसलं का दिवेलागणीले भोपाळ. गाडी बदलाची नाही."

"तुले कोणं सांगितलं?"

"स्टेशनातल्या बाबूनं. मंगळवारी गेली होती मी, मैत्रिणीसंग, नलिनीसंग."

"मंगळवारी त तू जामसांवलीले गेली होती, हनुमानाच्या दर्शनाले!"

"दर्शन घेतलं, अन् तसंच पुढे गेलो."

अंबाबाई लेकीकडे पाहत राहिल्या. विजयाची बोटं तांदळात होती, पण खडा काही सापडत नव्हता.

"दोन वेळचा डबा लागन मंग," अंबाबाई शेवटी म्हणाल्या. "लिवा जावयाले पत्र. तिथी काढाले सांगा."

"रेल्वेचा रस्ता मात्र फार वळसे घेतो," नकाशा गुंडाळत मास्तर पुटपुटले. पण मायलेकी आत गेल्या होत्या.