पोकळ झाडांची सत्यवती

तुंगारेश्वरच्या पायथ्याशी राहणारी सत्यवती पळसाची पानं विरारच्या बाजारात विकायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण कोणत्या झाडावर कोण राहतं, ते तिलाच विचारावं.

२००२च्या हिवाळ्यात जंगलातल्या वाटेवरची अकरा पोकळ झाडं कोसळतील या भीतीनं वनखात्यानं तोडायचं ठरवलं. त्यांच्यावर लाल पट्टे ओढले गेले. त्याआधी झाडांवरच्या दुर्मीळ प्राण्यांची पाहणी करायला कौस्तुभ नावाचा तरुण अभ्यासक आला. वाट दाखवायला त्यानं सत्यवतीला सोबत घेतलं. आठ दिवस उन्हात फिरून त्यानं शेकरूची चौदा घरटी मोजली. उडत्या खारीपुढे मात्र 'शून्य' असं पुटपुटत लिहिलं.

"शून्य म्हंजे?" सत्यवतीनं विचारलं.

"इथं उडती खार नाही, मावशी. एकही दिसली नाही."

सत्यवती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "दिवसा झोपनाऱ्याचं दार बंद दिसलं, म्हनून घर रिकामं काय? शेकरू उन्हाचं जनावर. काटक्या-पानांचं घरटं बांधतं, एक मोडलं तर दुसरं. हिला बांधता येत नाय. ही ढोलीत ऱ्हाते. पोकळ झाड गेलं की हीपन गेली."

कौस्तुभला हे पुस्तकातून ठाऊक होतं. तरी तो दिवसाच फिरला होता. त्याची मान खाली गेली.

दिवेलागणीला तिनं त्याला लाल पट्ट्याच्या एका बेहड्याखाली बसवलं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग ढोलीतून एक तपकिरी तोंड डोकावलं. ते जनावर शेंड्यापर्यंत चढलं, आणि चारी पाय ताणून अंगाची चादर पसरल्यासारखं समोरच्या ऐनाच्या झाडावर तरंगत गेलं. कौस्तुभ उठून उभा राहिला. सत्यवती त्याच्याकडेच बघत होती.

पुढच्या आठवड्यात कौस्तुभच्या सांगण्यावरून वनखात्याचे मोठे अधिकारी आले. नऊवारीचा काचा मारून ती पुढे, साहेब मागे. एकेका झाडाखाली थांबून तिनं कुरतडलेल्या बिया दाखवल्या, ढोलीच्या तोंडावरचे नखांचे ओरखडे दाखवले. दोन झाडं वाटेवर कलली होती; ती पाडावीच लागली. नऊ राहिली.

कौस्तुभनं छापील अहवाल आणून तिच्या ओटीवर वाचून दाखवला. पहिल्याच पानावर होतं : 'उडत्या खारीची नोंद सत्यवतीबाईंमुळे झाली.'

"थांब," ती म्हणाली. तिनं शेजारच्या रखमाबाईला हाक मारून बोलावलं, तिला नीट बसवलं आणि कौस्तुभकडे वळून म्हणाली, "आता वाच. मोठ्यानं."