भाऊंनी लेखी दिलेली सहा वर्षं

भाऊ गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशीच होते, त्यामुळे बातमी मला कोणी दिली नाही, मलाच ती सगळ्यांना द्यावी लागली. मराठीतला मेसेज माझ्या नवऱ्याने, महेशने लिहिला. भाऊंची पुतणी कॅनडात असते, तिच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजीतल्या दोन ओळी माझ्याकडे आल्या. सगळे लिहितात तसं मीही ‘आफ्टर अ ब्रीफ इलनेस’ असं टाइप केलं आणि बोट तिथेच अडलं. अकरा आठवडे म्हणजे ब्रीफ? कोणाच्या हिशेबाने?... शेवटी तो शब्द खोडून नुसत्या ‘आफ्टर ॲन इलनेस’वर भागवलं. सासरे गेलेत आणि सून एका शब्दापाशी दहा मिनिटं घुटमळते आहे, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण उमेळ्याच्या आमच्या घरात हे रोजचंच होतं.

भाऊ म्हणजे माझे सासरे. त्यांनी वसईतल्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर वाडीत लक्ष घालतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण वाडीच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या आणि भाऊ ओटीवर येऊन बसले ते बसलेच. गावातल्या, गावाबाहेरच्या लोकांची इंग्रजी पत्रं, अर्ज, दाखले ते लिहून द्यायचे. फुकट. त्यातही काळाचा उल्लेख आला की त्यांना चेव चढायचा. समोरचा म्हणे, दोन महिने लिहा. भाऊ म्हणत, “दोन महिने मला कॅलेंडरही सांगेल. ते गेले कसे, ते सांग.” त्याचं सांगून झाल्याशिवाय पेनाचं टोपण निघत नसे. इंग्रजीतल्या काळाच्या प्रत्येक शब्दाची जागा त्यांनी ठरवून ठेवली होती. ज्याची सुरुवात आणि शेवट दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवलाय ती टर्म, मग ती शाळेची असो की नगरसेवकाची. आला आणि न विचारता गेला तो स्पेल, पावसाचा किंवा तापाचा. ड्युरेशन हे घड्याळाचं काम. आणि पीरियड म्हणजे, त्यांच्या भाषेत, लग्नातला उपमा... कुठेही चालतो आणि कोणाच्या लक्षात राहत नाही.

एकदा पाचूबंदरहून मार्थाबाय आल्या. त्यांचा मुलगा परदेशी जहाजावर कामाला. आजी आजारी म्हणून तो घरी राहिला आणि परत रुजू व्हायला उशीर झाला, त्याचं कारण कंपनीला कळवायचं होतं. भाऊंनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. मार्थाबाय वैतागल्या. “कसं जानार मास्तर? पोर चमच्यानं पानी पाजत बसला व्हता म्हातारीला. दुसरं कोन व्हतं घरात?” भाऊंनी ते चमच्याने पाणी पाजणं जसंच्या तसं पत्रात घातलं आणि काळाचा शब्दच गाळला. सातिवलीच्या एका कारखान्यातला कामगार अनुभवाचा दाखला लिहून घ्यायला आला, तेव्हाही तेच. चौदा वर्षं एकाच मशीनवर. “जिथे आकडाच बोलतो तिथे आपण कशाला तोंड घालायचं?” म्हणाले आणि ‘चौदा वर्षं’ एवढंच अक्षरी लिहिलं. मी आतून चहाचे कप आणत राहायचे. मला या सगळ्याचं कौतुकही होतं आणि खरं सांगायचं तर रागही होता.

राग का, ते सांगते. लग्नाआधीपासून मी सातिवलीलाच एका पॅकेजिंगच्या युनिटमध्ये डिस्पॅच सांभाळत होते. सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि मी नोकरी सोडली. सोडशील का, असं मला कोणी विचारलं नाही. ते आपोआपच ठरलं, घराघरांतून ठरतं तसं. सहा वर्षांनी त्या गेल्या. पुढे महिनाभराने मी पुन्हा नोकरी शोधायला लागले, बायोडेटा तयार केला आणि मोबाईलवर सगळीकडे सांगतात तसं त्यात लिहिलं, करिअर गॅप, सहा वर्षं. भाऊंनी ते वाचलं. चष्मा काढून म्हणाले, “गॅप म्हणजे दोन दातांमधली फट. तुझ्या आयुष्यात सहा वर्षांची फट आहे? बस इथे. कशी गेली ते सांग.”

माझं डोकंच फिरलं. “तुम्ही याच घरात होता ना भाऊ?” मी म्हणाले. आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीवरच्या जखमा धुवायच्या. बोलता येत नसल्याच्या संतापात आईंनी भिंतीवर भिरकावलेली पेजेची वाटी, आणि ती भिंत पुसताना ओटीवरून ऐकू येणारा तुमचा आवाज, कुणाला तरी विचारणारा, दिवस कसे गेले ते सांग... आणि शेवटी, महेशलाही कधी न सांगितलेलं तेही बोलून गेले. एका दुपारी आईंच्या अंगावरची चादर ओढता ओढता मी मोठ्याने म्हणाले होते, “कधी सुटणार मी यातून?” त्यांनी ते ऐकलं होतं. चांगला हात माझ्या हातावर ठेवून त्या नुसत्या बघत राहिल्या होत्या.

भाऊंनी पेनाला टोपण लावलं. “आज राहू दे,” म्हणाले आणि वाडीत निघून गेले. संध्याकाळचा चहाही घेतला नाही. मला वाटलं, झालं, आता हा माणूस माझ्याशी जन्मात बोलणार नाही.

सकाळी टेबलावर त्यांच्या अक्षरातला कागद होता. घराची आणि एका रुग्णाची पूर्ण जबाबदारी, असं लिहून पुढे त्या सहा वर्षांना त्यांनी टेन्युअर म्हटलं होतं. मी म्हटलं, “भाऊ, हसतील मला. हा शब्द खुर्चीवरच्या माणसाचा. मला कुठे कोणी नेमलं होतं?” भाऊ वर न बघता म्हणाले, “नेमलं होतं. मी. न विचारता. तेव्हा द्यायला हवं होतं, ते आता लेखी देतोय.” मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

मुलाखतीत साहेबांनी तो कागद वाचलासुद्धा नाही. डिस्पॅच येतं ना, मग सोमवारपासून या, म्हणाले. घरी येऊन हे सांगितलं तर भाऊ नोकरीचा आनंद बाजूला ठेवून खवळले. “वाचत नाही? असल्या माणसाकडे काय काम करणार तू?” आम्ही दोघंही खूप हसलो. त्या दिवसापासून सासरे-सून हे नातं जरा सैल झालं आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. त्याला नाव देण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

यंदा भाऊंनी अंथरूण धरलं. त्यांना सांभाळायला बाई ठेवायचं महेशने ठरवलंही होतं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन कामावर निघत होते, तेवढ्यात भाऊंनी आत बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाले, “सुषमा, नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही. बाई आहेच. पण या वेळी विचारतोय... राहशील का?”

मी खांद्यावरची पर्स काढून खुंटीला अडकवली.

परवा कामावर रुजू झाले. रजेच्या फॉर्मवर ‘फ्रॉम’ची तारीख भरली आणि तसाच पुढे सरकवला. क्लार्क म्हणाला, “मॅडम, ‘टू’ राहिलं की,” आणि त्यानेच आदल्या दिवसाची तारीख टाकली. त्याचं काही चुकलं नाही. संध्याकाळी घरी आले, चप्पल काढली आणि सरळ भाऊंच्या खोलीत गेले. पलंग हलवलाय, तिथे आता नुसती फरशी आहे. “आले हो भाऊ,” म्हणाले. कालही म्हणाले.