मुकुट दिला, किल्ले ठेवले

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या आमच्या कॅम्पात शुक्रवारी जेवणानंतर इंग्लंडचे राजे, असा यंदा नेमच पडला होता. शेजारच्या खाटेवरचे चाचा, दाभोळकडचे पाइपफिटर. त्यांना मोबाईलवर हिंदीतली एक मालिका सापडली होती. मी एसीचा मेकॅनिक. इतिहासाशी माझा संबंध शाळेत छडी खाण्यापुरता. पण या जुन्या राजांच्या घरात जे चाललं होतं ते आमच्या वाडीतल्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. फक्त तिकडे भांडायला घोडे होते.

त्यातला एक राजा मला फार आवडला. अर्धा मुलूख समुद्राच्या अलीकडे, अर्धा पलीकडे. बिचारा कायम प्रवासात. त्याने जिवंतपणीच थोरल्या मुलाला मुकुट घातला, पण हातात एकही किल्ला दिला नाही. वर थोरल्याला न विचारता तीन किल्ले धाकट्याच्या लग्नात द्यायला निघाला. मुलं उलटली. राणी मुलांच्या बाजूने गेली, म्हणून राजाने तिला वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं. मी म्हणालो, एवढं सगळं कुणासाठी करत होता तो? चांगले पांग फेडले पोरांनी.

चाचांनी मोबाईल थांबवला. "मुकुट दिला ना? मग खलास. तो त्याचा."

मला राग आला, कारण मीही एक मुकुट देऊन बसलो होतो. काही वर्षांपूर्वी रजा मिळेना, म्हणून घरच्या गणपतीच्या पूजेला माझ्या थोरल्याला पाटावर बसवलं. आमच्याकडे पाटावर बसतो तो कर्ता. तेव्हापासून दर चतुर्थीला मी एसीच्या प्लांटरूममध्ये पाइपाला मोबाईल टेकवून व्हिडिओ कॉलवर उभा: समई पुढे घे, दुर्वा अशा नको, भटजींना घाई करू नका म्हणावं. गेल्या वर्षी मखराचं काम परस्पर धाकट्याला सांगितलं. थोरल्याने महिनाभर खपून लाकडी मखर केलं होतं, हे मला माहीत होतं. पसंत नव्हतं, इतकंच.

त्याच चतुर्थीला पूजा सुरू झाली आणि माझी स्क्रीन काळी झाली. मंत्र ऐकू येत होते, घंटा, मग आरती. मी तासभर हॅलो हॅलो करत राहिलो. रेंज गेली होती, असं बायकोने नंतर सांगितलं. रेंज गेली तर आरती कशी ऐकू आली, हा प्रश्न मला वर्षभर पडला नाही. आता चाचांना हे सांगितलं, तर त्यांना तो तिथल्या तिथे पडला.

बायकोला फोन करून विचारलं. तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. मोबाईल तिनेच फडताळात साखरेच्या डब्याशेजारी पालथा घातला होता. पोरगा पाटावर रडकुंडीला आला होता, म्हणाली. म्हणजे इंग्लंडात राजाने राणीला कोंडलं, आमच्याकडे राणीने राजाला. चाचा पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मला लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला.

तशात यंदा रजा मंजूर झाली. आता एकच प्रश्न होता: पाटावर कोण बसणार? बाप घरात असताना मुलगा बसला तर लोक काय म्हणतील, असं मी चाचांना ऐकवलं. खोटं कशाला बोलू, पाट मलाच हवा होता. इतकी वर्षं वाळवंटात दुसऱ्यांचे एसी थंड करून निदान तेवढा हक्क तरी राहिला असेल, असं वाटत होतं.

थोरल्याला फोन लावला आणि चतुर्थीला येतोय म्हणून सांगितलं.

"या ना बाबा. पाट तुमचाच आहे," तो म्हणाला. "मी त्या दिवशी एसटी डेपोत ड्यूटी लावून घेतो."

त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता. चिडला असता तर मी चार शब्द सुनावले असते. शेजारी चाचा उगाच उशीचा अभ्रा नीट करत होते.

"ड्यूटी घेऊ नकोस," मी म्हणालो. "पाटावर तूच बस. मी टाळ धरतो."

तो म्हणाला, "बाबा, मखर लाकडीच ठेवणार आहे."

ते मखर मला अजूनही पसंत नाही.

"ठेव," मी म्हणालो.