कोळंबीचं बाळंतपण

गल्लीतले निम्मे म्हातारे ज्यांनी घडवलेल्या दातांनी हसत, त्या गृहस्थांना सगळे कवळीवालेच म्हणत. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते चौतीस वर्षं कवळ्या करत होते. नजर बारीक, हात स्थिर आणि जीभ भारी कंजूष. समोरचा दहा वाक्यं बोलला की ह्यांचा एक हुंकार. त्यांची बायको प्रसूतिगृहात नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. हजारो बाळं तिच्या हातून जगात आली. आता घरी बसून ते हात शिवशिवत, आणि त्याचा प्रसाद नवऱ्याला मिळे.

शेजारची मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली आणि जाताना आपली काचेची टाकी ह्यांच्या गळ्यात मारून गेली. आत थोडं शेवाळ, लाकडाचा एक ओंडका आणि बोटाच्या पेराएवढ्या दहा लालभडक कोळंब्या.

"ह्या तळायच्या की बघायच्या?" बायकोनं विचारलं.

"बघायच्या."

"मग बघा तुम्हीच. मला वेळ नाही." आणि ती कालच आवरलेलं कपाट पुन्हा आवरायला गेली.

आठवड्याभरानं एका सकाळी कवळीवाल्यांना तळाशी एक कोळंबी निपचित पडलेली दिसली. मिशा, पाय, शेपूट सगळं जागच्या जागी, पण रंग उडालेला. त्यांचा चेहरा उतरला. चिमट्यानं तिला अलगद उचलून त्यांनी खिडकीतल्या कुंडीत पुरलं आणि चहाचा कप तसाच गार होऊ दिला.

"काय झालं हो?"

"एक गेली."

खात्री झाल्याशिवाय कुणाला गेलेलं म्हणायचं नाही, ही बायकोची जन्माची सवय. ती तडक टाकीपाशी गेली. "होत्या किती?"

"दहा."

"गेली किती?"

"एक."

"मग ह्या दहा कशा?"

त्यांनी मोजल्या. दहाच! ओंडक्यामागची एक तर आत्ताच पॉलिश केल्यासारखी चकाकत होती. शेजारच्या मुलीला फोन लावला, तर ती खो खो हसत सुटली. "काका, ती मेली नाही, तिनं कात टाकली! अंग वाढलं की जुनं कवच घट्ट होतं, मग त्यातून बाहेर पडतात. ते आतच राहू द्यायचं, त्या खातात."

"म्हणजे तुम्ही तिचा झगा पुरलात!" बायको म्हणाली आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. निवृत्त झाल्यापासून ती अशी हसली नव्हती.

पण पुढच्या महिन्यात दोन कोळंब्या खरोखरच गेल्या. कवच मानेपाशी तडकलेलं, तिथे पांढरा पट्टा, आणि बिचाऱ्या अर्ध्यातच अडकलेल्या. ह्या वेळी मात्र कवळीवाल्यांनी नीट खात्री करूनच त्यांना कुंडीत पुरलं.

"पाणी कुठलं घालता?" बायकोनं उलटतपासणी सुरू केली.

"आपण पितो तेच. मशीनमधलं. स्वच्छ."

"तिथंच घोडं पेंड खातंय! त्या पाण्यात क्षार राहतात कुठे? पोटुशीला आम्ही कॅल्शियम उगाच द्यायचो का? दर महिन्याला नवं कवच करायचं, ते काय हवेतून करणार?"

शोभेच्या माशांच्या दुकानातल्या बाईनं तेच सांगितलं आणि क्षारांची पूड दिली. मात्र बदल हळूहळू करा म्हणाली. मग रोज चिमूटभर पूड पाण्यात विरघळू लागली. देणारी अर्थातच बायको. कपाट आता आठवडा आठवडा तसंच पडून राहायचं.

एका रविवारी टाकीत एकच धुमाकूळ उडाला. बारक्या कोळंब्या वेड लागल्यासारख्या इकडून तिकडे सैरावैरा पोहत होत्या.

"अहो, पाण्यात काही पडलं की काय?"

कवळीवाल्यांनी कामाचं भिंग काढलं. सगळ्यांत मोठी मादी शेवाळात दबून बसली होती. शेजारी तिची ताजी कात. "नर आहेत ते," ते म्हणाले. "दुकानातली बाई सांगत होती. मादीनं कात टाकली की पाण्यात वास सुटतो. मग हे तिला शोधत फिरतात."

"एवढीशी पोरं, आणि ही घाई!"

दुसऱ्या दिवशी मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा झुबका दिसला. इवल्या पायांनी ती त्यांना सारखा वारा घालत होती. बायकोनं ताबडतोब सूत्रं हाती घेतली. पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून टाकीतल्या फिल्टरच्या तोंडाला स्पंज बसला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली पडू लागली, आणि टाकीजवळ मोठ्यानं शिंकायलाही बंदी झाली. सव्विसाव्या दिवशी भिंगातून अंड्यांत काळे ठिपके दिसले. "डोळे!" ती कुजबुजली.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी दवाखान्यात फोन खणाणला. "असाल तसे या."

कुणाचा तरी वरचा जबडा टेबलावर अर्धवट टाकून कवळीवाले धावत निघाले. घरी शेवाळावर स्वल्पविरामाएवढे, काचेसारखे आरपार जीव टुणटुणत होते. मिशांपासून शेपटीपर्यंत सगळे अवयव शाबूत.

"बाळंतीण खुशाल आहे," बायको म्हणाली. "एकोणीस मोजली, मग चष्म्यावर वाफ धरली."

तो दिवसभराच्या दमट हवेचा परिणाम, असं तिचं म्हणणं. नवऱ्यानं वाद घातला नाही. उलट संध्याकाळभर तो माणूस इतका बोलला की शेवटी तिलाच हुंकार देत बसावं लागलं.

पुढच्या रविवारी तिच्या पाच जुन्या मैत्रिणी आल्या, सगळ्या प्रसूतिगृहातल्या. कवळीवाल्यांनी चहा केला. पाचही जणी चष्मे सरसावून आळीपाळीनं भिंगातून बघत होत्या. कुणाला एक पिल्लू आईवर गेलेलं वाटलं, कुणाला दुसरं अशक्त.

"वजन किती भरलं गं?" एकीनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"अजून घेतलं नाही," बायको तितक्याच गंभीरपणे म्हणाली. "काटा मागवलाय."