पहिली हाक

बारकी खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्या रंगवायची. बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या: राक्षस, चेटकिणी, भालेवाले शिपाई. लोक टेबलाभोवती बसतात, एकेक बाहुली आपली म्हणून पुढे सरकवतात, फासे टाकतात आणि कुठे नसलेल्या मुलखात लढाया मारतात. मोठी माणसं बरं का, पोटं सुटलेली. बारकीला हसू यायचं. पण पेराएवढ्या तोंडावर डोळ्यातलं बुबुळ काढावं तर तिनंच.

आई लहानपणीच गेली, वाढवलं आत्यानं. आत्याला मूलबाळ नाही. घराणं होडीवाल्यांचं आणि त्यांच्यात एक रीत होती. माणूस गेलं की त्याची होडी दारात पालथी घालायची, आणि होडी पालथी आहे तोवर त्याचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. नुसतं 'पलीकडची' म्हणायचं. मग पाणी निवळलं की होडी सुलटी करून नदीत सोडायची आणि सगळ्यात जवळच्या माणसानं काठावरून नावानं पहिली हाक मारायची. मागून सगळ्यांनी ओ दिल्यासारखं तेच नाव घ्यायचं. त्या हाकेनं गेलेलं माणूस आठवणीत घरी येतं, अशी समजूत. आत्यानं आपली हाक बारकीला देऊन ठेवली होती. थोरल्या भाच्याला, बारकीच्या दादाला नाही. "घसा नीट ठेव गं," म्हणायची, "आयत्या वेळी खोकत बसशील."

कारखान्यात खेळांच्या गोष्टी रचणारे एक साहेब होते, त्यांना सगळे गोष्टीवाले म्हणायचे. मागच्या खेळात त्यांनी कुठल्याशा डोंगरी लोकांना माकडं करून टाकलं होतं, त्यावरून त्यांची चांगलीच छी थू झाली. दुधानं तोंड पोळलेलं, म्हणून या वेळी ताकही फुंकून प्यायचं ठरलं. खऱ्या लोकांना विचारायचं, त्यांचा मान राखायचा. त्यांनी बारकीला आत बोलावलं, खुर्ची दिली.

"वाळलं का?" याच्यापलीकडे तिला आजवर तिथे कुणी काही विचारलं नव्हतं. बाई विरघळली. पालथी होडी सांगितली, पहिली हाक सांगितली. एखाद्या म्हातारीचं छानसं नाव हवं म्हणाले, तर आत्याचं देऊन बसली. हनुवटीवरचा तीळसुद्धा दिला.

"आम्हाला चांगलं दाखवाल ना, साहेब?"

"अगं, तुमचा मानच करतोय. खोक्यावर तुझं नाव छापू, सल्लागार म्हणून."

नमुन्याचं खोकं आलं तेव्हा तिनं खेळ वाचून काढला. होडीवाल्यांचे झाले होते 'चिखल्ये', मेलेल्यांना राबवणारी जमात. मेलेल्या म्हातारीला नावानं पहिली हाक जो मारेल, त्याची ती गुलाम. चिखलातून उठायची आणि सांगेल त्याचा गळा दाबायची. बारकीनं खोकं उचललं. तशीच ती गोष्टीवाल्यांकडे गेली.

"साहेब, आमच्यात असं नसतं."

"म्हणून तर जमातीचं नाव बदललं. आता कोण दुखावणार?"

"मग म्हातारीचं तरी बदला."

"बदलतो की. पण मग तुझं नाव खोक्यावरून काढावं लागेल. तुझं काही उरलंच नाही, तर सल्ला कसला?"

खोकं समोरच होतं. त्यावर तिचं नाव होतं, जन्मात पहिल्यांदा छापलेलं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय! बारकी म्हणाली, "असू दे."

म्हातारीची पहिली बाहुली तिनंच रंगवली आणि घरी नेली. आत्या हरखून गेली. "तीळसुद्धा काढलास की गं. मी काय करते या खेळात?"

"माणसं पलीकडे पोचवतेस."

"म्हणजे खरंच विचारलं तुला," आत्या म्हणाली. बाहुली तिनं खिडकीत ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिली.

खेळ धडाक्यात खपला. आत्या गेली तेव्हा दुकानांत तो मिळेनासा झाला होता.

दादानं दारात होडी पालथी घातली. घरात कुणी नाव घेईना. एका संध्याकाळी रस्त्यावरून चारपाच तरुण चालले होते. त्यांनी आधी होडी पाहिली, मग खिडकीतली बाहुली. "अरे, हे तर खरंच आहे," एक म्हणाला. दुसऱ्यानं मोबाईल वर धरला. मग सगळ्यांनी मिळून आत्याचं नाव पुकारलं, जोरात, खेळात पुकारतात तसं. "ऊठ गं म्हातारे!" आणि हसत वाट बघत उभे राहिले.

दादा वल्हं घेऊनच बाहेर धावला. त्यातला चष्मेवाला घाबरून मागे सरला. "काका, रागावू नका. आम्हाला आदरच आहे. हे तुमच्याच बाईला विचारून केलंय, खोक्यावर लिहिलंय." आणि त्यानं मोबाईलवर खोक्याचा फोटो उघडून बारकीचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं.

बारकी उंबऱ्यातच उभी होती. दादानं वल्हं खाली ठेवलं आणि तिच्या अंगावरून आत गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाणी निवळलं. होडी सुलटी झाली, नदीत सोडली. सगळं घराणं काठावर जमलं होतं. तू नको, असं तिला कुणी म्हणालं नाही. बारकी पुढे झाली, घसा खाकरला आणि तिनं आत्याला नावानं हाक मारली. चांगली खणखणीत लागली. मागून ओ यायची ती आली नाही. ती वळली, तर माणसं घराकडे निघाली होती. वहिनी तेवढी थांबली होती, तीही पोरीच्या चपलेचा बंद सुटला म्हणून.

"घरात आत्याला आता पलीकडचीच म्हणायचं ठरलंय," वहिनी चप्पल बांधता बांधता म्हणाली. "हाक गिऱ्हाइकांनी आधीच मारली ना."

सोमवारी बारकी कामावर गेली. म्हाताऱ्यांचा नवा गठ्ठा रंगवायला आला होता. गोष्टीवाले जाता जाता तिच्या टेबलापाशी थांबले. "पुढच्या खेळासाठी आणखी काही आहे का गं तुमच्यात?"

"मला विचारू नका, साहेब," बारकी म्हणाली. "मला आता घरात कुणी काही सांगत नाही."

तिनं बारीक ब्रश ओला केला आणि पहिल्या म्हातारीच्या हनुवटीवर तीळ ठेवला.