प्रार्थनेनं उघडणारं पान

नारळ फुटला आणि ओल्या खोबऱ्याचा गोडसर वास झेंडूच्या उग्र दर्पात मिसळून खोलीभर पसरला. ऑक्टोबरचं ऊन गंगापूर रोडवरच्या आमच्या कार्यालयाच्या खिडकीतून थेट संगणकाच्या पडद्यावर उतरत होतं, म्हणून शोभानं ओढणीचा आडोसा धरला होता. संस्था उभारणाऱ्या सुमनताईंनी पडद्याला हळदकुंकू वाहिलं, माउसवर बोट टेकवलं आणि प्रार्थनेचे सूर घुमले. संस्थेच्या आरंभीच्या दिवसांत आलेल्या बायकांनी गायलेली, ताईंनीच रचलेली ती प्रार्थना! किती जणींचे डोळे भरले, माझेही भरले.

सासरी छळ सोसणाऱ्या बायकांना आधार देणारी आमची संस्था. तिच्या संकेतस्थळाला नवं रूप देण्याचं काम माझ्याकडे होतं. आम्ही रंगांवरून वाद घातले, छायाचित्रांवरून रुसलो, एकेका शब्दावरून अबोला धरला. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. आमच्याकडे सभा असो, संक्रांतीचं वाण असो की कुणाचा वाढदिवस, प्रार्थनेवाचून काहीच सुरू होत नाही. मग संकेतस्थळ तरी कसं व्हावं? पानाला पहिलं बोट लागताच प्रार्थना सुरू व्हावी, असं ताईंनी सुचवलं आणि मी आनंदानं मान डोलावली.

पेढे वाटून झाले, तशी शोभा माझ्याजवळ आली. आमच्या हेल्पलाइनवर तीच बसते. तिचा चेहरा पार उतरला होता. “मॅडम, ती मालेगावची नाही का, तिला मी सांगून बसले ना! दुपारी सासू आडवी झाली की नवीन साईट उघड, घरातून कोणत्या दिवशी निघतेस ते तिथूनच कळव म्हणून. सासू त्याच खोलीत झोपते हो.”

त्या निःशब्द दुपारी, भिंतीकडे तोंड करून ती मोबाइल उघडणार आणि आमची मंगल प्रार्थना मोठ्यानं वाजणार! सासूनं पाहिलं तर नवऱ्याला कळणार, मोबाइल हिसकावला जाणार आणि तिचा बाहेर पडायचा एकुलता एक मार्ग बंद होणार. तिला फोन करावा, तर तेही अशक्य. आपण होऊन कुणा बाईला फोन करायचा नाही, हा आमचा कडक दंडक. फोन कुणाच्या हाती पडेल याचा काय भरवसा?

पानावरचा आवाज बंद करणं फक्त अक्षयला जमणार होतं. संकेतस्थळ त्यानं बांधलं होतं आणि नारळ फुटताच तो जेवायला घरी निघाला होता. त्याचा फोन वाजत राहिला, तो काही उचलेना. घड्याळाकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं. “अगं, प्रार्थनेनं कधी कुणाचं वाईट होतं का?” सुमनताई म्हणाल्या खऱ्या, पण वाक्य संपेपर्यंत त्यांचाच आवाज खाली आला. मग त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत खुर्चीत बसून राहिल्या.

आपण कुणासाठी बांधत होतो हे घर? देखणं रूप देताना डोळ्यांसमोर कोण होतं? देणगीदार होते, पाहुणे होते, आम्ही स्वतः होतो. श्वासाचाही आवाज होऊ नये म्हणून जपणारी ती एकटी बाई मात्र त्या सुंदर पानाच्या उंबऱ्यावर आम्हाला दिसलीच नव्हती. मला माझाच भयंकर राग आला.

शेवटी अक्षयचा फोन आला. “मॅडम, द्वारकेच्या चौकात अडकलोय. बाईक पुढं सरकायलाही जागा नाहीये.” लॅपटॉप पाठीवर होता. तिथल्याच एका टायरच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं हॉर्नच्या गदारोळात आमचा आवाज बंद केला. “झालं,” तो म्हणाला, आणि मी श्वास सोडते न सोडते तोच हेल्पलाइन खणाणली.

शोभानं फोन उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडून, नळाच्या आवाजाआडून, ती मालेगावचीच आपल्या बोलीत कुजबुजत होती, आणि आम्ही सगळ्या ऐकत होतो. “ताई, गानं वाजनं ना! सासू जागी व्हयनी. तिनी इचारं, भजन शे का? मी सांगं, हा, भजनच शे. तर म्हने, रोज लावत जाय.” मग एक दबलेलं, घाबरं हसू. निघायचा दिवस सांगून तिनं फोन ठेवला.

शोभा रडत रडत हसायला लागली. “बघा ताई, प्रार्थनेनंच तारलं तिला!” आता ताई ती पुन्हा लावायला सांगणार, अशी माझी खात्रीच झाली. अक्षय अजून माझ्या फोनवर होता; त्यानंही विचारलं, परत सुरू करू का?

सुमनताईंनी माझ्या हातून फोन घेतला. “नको रे बाळा,” त्या म्हणाल्या, “सगळ्याच सासवांना ते भजन वाटणार नाही.”