दिराचा जड कॅमेरा

बाईंचा उजवा खांदा एकदा धरला, तो काही सुटायचं नाव घेईना. दुखणं येतं हत्तीच्या पायानं आणि जातं मुंगीच्या पायानं, असं म्हणतात. बाई म्हणायच्या, "आमची मुंगी वाटेतच कुठेतरी आडवी झालीय." एवढं बोलून त्याच खांद्याला बॅग लटकवायच्या आणि कामाला निघायच्या, कारण डाव्या खांद्याला लटकवली की पाठ कुरकुरायची.

सगळे त्यांना फोटोवाल्या बाईच म्हणत. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, आणि मधे एका खोलीचा त्यांचा स्टुडिओ. करडा पडदा, फिरतं स्टूल, भिंतीवर आरसा, त्याच्याखाली दोरीला बांधलेला कंगवा. बांधला नाही तर लोक खिशात घालून नेत. सकाळी ओळखपत्रांचे फोटो चालायचे. "हनुवटी वर करा. एवढी नको. आता हलू नका." लोक खरोखरच हलायचे नाहीत, आणि फोटोत ते वाईट बातमी ऐकल्यासारखे दिसायचे.

दुपारी बाई कोपऱ्यावरच्या प्रसूती रुग्णालयात जायच्या. तिथे नव्या बाळांचे फोटो काढायचं काम त्यांच्याकडे होतं. इतकी वर्षं ते चाललं होतं, की त्यातली काही बाळं पुढे ओळखपत्राच्या फोटोसाठी त्याच स्टुलावर येऊन बसली होती. इतकी बाळं बघितल्यावर बाळाचं कौतुक वाटायचं थांबलं होतं. काळजी तेवढी वाटायची, फ्लॅश वेळेवर उडेल ना याची.

मग रुग्णालयात नव्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या आणि पहिलंच फर्मान निघालं: बाळांवर फ्लॅश नको. तिथल्या खोल्या अंधाऱ्या, एकेका खोलीला एकेक खिडकी. बाईंच्या कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर लहान, म्हणून तो उजेडात गुणी बाळ. पण कमी उजेडात फोटो काढला की गालांवर वाळू सांडल्यासारखे दाणे यायचे. लोक विचारायचे, "याला पुरळ आलंय का हो?"

हे दिराच्या कानावर गेलं. तो वर्तमानपत्रात फोटोग्राफर होता. त्या वर्तमानपत्राने फोटो काढणारी माणसं ठेवणंच बंद केलं, तेव्हापासून घरी होता. एका संध्याकाळी तो टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

"वहिनी, हा घ्या. फुल फ्रेम आहे, म्हणजे आतला सेन्सर मोठा. तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा म्हातारा आहे, पण अंधारात चांगलं बघतो."

"म्हातारे अंधारात चांगलं बघतात, हे पहिल्यांदाच ऐकतोय," बाईंचा नवरा म्हणाला. तो फ्रिज दुरुस्त करायचा आणि घरी आल्यावर कोणत्याही गोष्टीला हसू शकायचा.

बाईंनी कॅमेरा उचलला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. "अहो भाऊजी, हा कॅमेरा आहे की वीट?"

"वीटच आहे. पण तुमच्या कॅमेऱ्याचं कसं आहे, लेन्स जेवढं बघते त्यातलं मधलं तेवढं तो घेतो, कडा कापून टाकतो. हा सगळं घेतो."

"आणि तुम्हाला नको?"

दिराने नुसता हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो मी, वहिनी. याला काय धरू?"

नवऱ्याने टॉवेल उचलून त्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नेहमीची झूम लेन्स त्याला लावली, तर फोटोच्या चारही कोपऱ्यांत काळोख. ती लेन्स लहान सेन्सरसाठीच बनवलेली. पुढेमागे न होणारी, दिरानेच पूर्वी कधीतरी दिलेली पन्नास मिलिमीटरची लेन्स तेवढी चालत होती. पण तीही आता वेगळीच वागायला लागली. बाई खोलीत ज्या जागी उभ्या राहायच्या, तिथून पूर्वी बाळच फोटोत भरायचं. आता त्याच जागेवरून पलंगाचा दांडा, कचऱ्याची बादली आणि आजीच्या चपला यायच्या, आणि मधे कुठेतरी एवढंसं बाळ. म्हणजे जवळ जायला हवं, वाकायला हवं. आणि जवळ गेलं की फोकसची पट्टी अशी पातळ, की नाक स्पष्ट आणि डोळे धूसर. कॅमेऱ्याच्या मागच्या मिणमिणत्या पडद्यावर सगळं छान दिसायचं. खरं काय ते स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर कळायचं, तोवर आई-बाळ घरी गेलेली.

जुळ्या मुलींचा बाप फोटो घेऊन परत आला. चांगला माणूस होता, आवाजसुद्धा चढवला नाही.

"बाई, हिचा कान छान आलाय," तो म्हणाला. "पण बाकीची कुठे आहे?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं बाईंना स्वतःबद्दल कुणी म्हटलेलं चाललं नसतं, म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला बोल लावला नाही. स्वतःलाच लावला. इतक्या वर्षांनी पुन्हा शिकाऊ व्हायचं, तेही असल्या खांद्याने, याचा त्यांना कंटाळा आला होता. रागही धड येत नव्हता. राग यायलाही अंगात जोर लागतो.

"मी भाऊजींना परत देते तो," त्या जेवताना म्हणाल्या. "आणि रुग्णालयाचं कामही सोडते. पुरे झालं."

"बरं, सोड," नवरा म्हणाला.

"सोड काय? जरा तरी आग्रह करायचा!"

"केला असता तर म्हणाली असतीस, तुम्हाला काय जातंय सांगायला."

हे खरं होतं, म्हणून बाईंनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

काम सोडते हे सांगायलाच त्या रुग्णालयात गेल्या. पण तोंड उघडायच्या आत मोठ्या सिस्टरनी त्यांना जिन्यातच गाठलं. कॅमेरा जवळ आहे का, विचारलं. होता, परतताना दिराकडे पोचवायचा होता.

"वरच्या मजल्यावर एक बाई आहे," सिस्टर सांगू लागल्या. "दिवस भरायच्या खूप आधी बाळंत झाली. ऑपरेशन झालं, मग ताप. तिला हलवता येत नाही आणि बाळाला उबेच्या काचेच्या पेटीतून काढता येत नाही. तिने अजून त्याला बघितलेलं नाही. बापाने मोबाईलवर फोटो काढून दाखवला, तर म्हणाली, या नळ्या आहेत, माझं बाळ कुठेय? तेव्हापासून जेवत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. फ्लॅश नाही, आवाज नाही, हात धुऊन या."

अतिदक्षता कक्षात चार पावलं टाकायलाही जागा नव्हती. पेट्या, यंत्रं, वायरी. खिडकीशेजारच्या काचेच्या पेटीत ते बाळ होतं, पसरलेल्या ओंजळीत मावेल एवढं. बाप दाराशी उभा होता. आत यायची परवानगी होती, पण तो येत नव्हता.

बाईंनी लेन्स काचेला टेकवली. फोकस होईना, लेन्सला एवढ्या जवळचं दिसत नाही. वीतभर मागे सरल्या, तर काचेत खिडकी दिसायला लागली आणि खिडकीत त्या स्वतः. मोबाईलच्या फोटोत हेच झालं असणार. बॅगेत काळं कापड होतं. सिस्टरनी ते बाईंच्या डोक्यावरून पेटीपर्यंत तंबूसारखं धरलं. आता मागे सरायचं म्हटलं तर पाठीला दुसऱ्या पेटीचं यंत्र लागत होतं. जुना कॅमेरा असता तर इथून नुसतं डोकं आलं असतं, नाहीतर नुसते पाय. याच्यात सबंध बाळ आलं, तिरकं, टाळूपासून टाचेपर्यंत.

खांद्यातून कळ निघाली. बाईंनी कोपर बरगडीला दाबून धरलं, फोकसच्या मधल्या ठिपक्यावर बाळाची पापणी घेतली आणि थांबल्या. श्वासाबरोबर बाळाची छाती खालीवर होत होती, त्यामुळे पापणीही सरकत होती. एक काढला, धूसर. दुसरा काढला. मग नाकातल्या नळीच्या बाजूने बाळाने मूठ वर आणली आणि गालाखाली घेतली, जशी झोपेत कुणीही घेतं. बाईंनी बटण दाबलं. आणखी काढले. कापड धरून सिस्टरचे हात भरून आले तेव्हाच थांबल्या.

या वेळी त्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला नाही. स्टुडिओत जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं. एकच फोटो नीट आला होता. त्यात पापण्यांचे केससुद्धा मोजून घ्या असे दिसत होते. त्याची मोठी प्रत काढून बाई पुन्हा तो जिना चढल्या, कठडा धरून.

आईने फोटो हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. बाप पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"झोपलाय," ती म्हणाली. "अहो, हा तर झोपलाय. मला वाटत होतं, त्याला सारखं दुखत असेल."

मग ती रडली, आणि रडून झाल्यावर तिने खायला मागितलं. बाप एवढा गडबडला की खाली जायचं सोडून कपाट उघडून बसला. बाई दाराकडे वळल्या, तशी ती म्हणाली, "बसा ना जरा. किती दमलेल्या दिसताय."

असं बाईंना कुणी म्हटल्याला बरेच दिवस झाले होते. त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला. सिस्टर येऊन गेल्या, त्यांनी उठवलं नाही.

बाळ वाचलं. बरेच आठवडे पेटीत राहून आपल्या आईबरोबर घरी गेलं. फोटोवाल्या बाईंना ते कळलं सिस्टरकडून, कारण घरी जायच्या गडबडीत त्या माणसांना त्यांची आठवण राहिली नाही. बाईंनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

काम सोडायचं राहूनच गेलं. उलट डॉक्टरीणबाईंनी त्यांना पेटीतल्या बाळांसाठीही बोलवायला सुरुवात केली. सगळी बाळं घरी जात नाहीत. एका बाळाचा तो एकच फोटो उरला, आणि त्याची आजी स्टुडिओत येऊन त्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिली. बाईंनी पाटी उलटी करून दार लावून घेतलं आणि तिच्याजवळ बसल्या. त्या दिवशी ओळखपत्राचं गिऱ्हाईक परत गेलं.

बाई शाळांचे वर्गफोटोही काढायच्या, ते मात्र त्यांनी खांद्यापायी बंद केलं. दीर अधूनमधून येतो, मोठ्या स्क्रीनवर फोटो बघतो, आणि कुठे पापणी हुकली ते बोट न लावता सांगतो. परवा नवऱ्याने बॅगेचा पट्टा रुंद करून आणला, फ्रिजच्या दाराला लावतात तसलं मऊ रबर आतून बसवून.

"आता कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"जड," बाई म्हणाल्या, आणि बॅग घेऊन निघाल्या.